टुटूचं वजन

"चूक माझ्या शिलाईत आहे का, एवढंच सांगा."

गार्गी देवस्थळीने मोठ्या पिशवीतून टुटू काढला आणि मार्थाबाईंच्या पुढ्यात ठेवला. पांढऱ्या कडक जाळीचे वीस थर. कापड बेतायचं टेबल त्याखाली दिसेनासं झालं.

मार्थाबाई उजगरे खडकीत एका बैठ्या घरात राहायच्या. वय शहात्तर. मुंबईतल्या एका बॅले क्लासच्या मुलींचे पोशाख त्यांनी एकतीस वर्षं शिवले होते. क्लास चालवणाऱ्या बाई वारल्या, क्लास बंद झाला, मार्थाबाई खडकीला भावाच्या घरी परतल्या. पण बॅले नाचणाऱ्या मुली कमरेला घालतात तो ताटासारखा पसरलेला घागरा, तो टुटू, हाताने शिवणारं कुणी आहे का, अशी चौकशी झाली की अजूनही त्यांचंच नाव निघायचं.

त्यांनी चष्मा लावला. एक थर उचलला, मग त्याखालचा, मग त्याखालचा...

"शिलाई चांगली आहे."

"मला माहीतच होतं," गार्गी म्हणाली.

"मग विचारायला का आलीस?"

गार्गीने रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग एकदम बोलायला लागली. मागच्या महिन्यात तिचा पहिला मोठा फॅशन शो होता. पॅरिसला तीन वर्षं शिकून आल्यानंतरचा पहिला. शेवटचा पोशाख हा टुटू. तो घातलेली मॉडेल रॅम्पच्या तीन पायऱ्या उतरताना पडली आणि तिचा घोटा मोडला. तेवढं एक दृश्य मोबाईलवर गावभर फिरलं. लोक हसले. टुटूला हसले.

"आणि चूक तिची होती, बाई. त्याच पायऱ्या ती तालमीत चार वेळा उतरली होती."

"टुटू घालून?"

"नाही. टुटू आदल्या दिवशी तयार झाला."

 मार्थाबाईंनी एक सुटा टाका नखाने जागेवर बसवला.

गार्गीला ते सोसवेना. आपण नुसती कापडं जोडणारी पोरगी नाही, हे या बाईंना कळायला हवं होतं. ती म्हणाली, "मी याचा अभ्यास केलाय. दोनशे वर्षांचा इतिहास आहे टुटूला."

"सांग की."

"अठराशे बत्तीस साल. पॅरिस. एक इटालियन नर्तिका पांढऱ्या तलम घागऱ्यात रंगमंचावर आली. घंटेच्या आकाराचा, पोटरीपर्यंतचा. आत थरावर थर. लोकांना वाटलं, ही जमिनीवर टेकतच नाही. मग शहरातल्या बायकांनाही तसंच तरंगायचं होतं. त्यांच्या कपड्यांतही ते आलं."

"मग?"

"मग नाच अवघड होत गेला. गिरक्या, चवड्यावरची कामं. पायांची करामत दिसायला हवी म्हणून घागरा आखूड होत गेला. गुडघ्यापर्यंत, गुडघ्याच्या वर, शेवटी असा, कमरेतून आडवा." तिने टेबलाकडे हात केला. "दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या फॅशनवाल्यांनी तीच बारीक कंबर आणि तोच जाळीचा घेर पार्टीच्या गाऊनमध्ये आणला. आज आपल्याकडे नवरीचा घागरा फुगावा म्हणून आतून कडक जाळीचं कॅनकॅन लावतात ना, किंवा लहान मुलींच्या वाढदिवसाच्या फ्रॉकला जाळीची झालर? ते सगळं याच घराण्यातलं."

"वाढदिवसाचे फ्रॉक मी पुष्कळ शिवलेत," मार्थाबाई म्हणाल्या. "माझ्या भाचीनं तर दोन दिवस अंगावरून काढला नव्हता. तशीच झोपली."

गार्गी हसली नाही. ती रंगात आली होती. "आणि त्या काळी रंगमंचावर गॅसचे दिवे असायचे, उघड्या ज्योतीचे. एका नर्तिकेचा घागरा तालमीत पेटला. कापड पेटू नये म्हणून त्याला लावायचं औषध तेव्हा निघालं होतं. पण त्यानं घागरा कडक व्हायचा, पिवळट दिसायचा. म्हणून तिनं नको म्हटलं होतं. पाहणाऱ्यांना तो ढगासारखा दिसायला हवा होता."

"जगली?"

"आठ महिने."

"वय काय होतं?"

"वीस."

मार्थाबाईंचा हात जाळीवरच थांबला.

"तिची आई होती का गं तिथं?"

गार्गीला ते माहीत नव्हतं. सनावळी पाठ होती, कापडाचं नाव पाठ होतं, त्या औषधाचंसुद्धा नाव पाठ होतं. आईचं कुणी विचारेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"म्हणजे," मार्थाबाई म्हणाल्या, "पाय दिसावेत म्हणून घागरा वर गेला."

"हो."

"कुणाला दिसावेत म्हणून?"

"कुणाला म्हणजे... बघणाऱ्यांना."

मार्थाबाई उठल्या. त्यांनी टुटू दोन्ही हातांनी उचलला आणि गार्गीसमोर धरला.

"चढव."

"मी?"

"तुझ्याच हातचा आहे ना?"

गार्गीने जीन्सवरूनच तो चढवला. मार्थाबाईंनी मागून हुक लावले. एक, दोन, तीन... घट्ट. मग त्या पुढे आल्या, आणि लहान मुलीला बघावं तसं तिच्याकडे बघत राहिल्या.

"आता तुझे पाय बघ."

गार्गीने खाली पाहिलं. पांढरं होतं. चहूबाजूंनी पांढरं. ती पुढे वाकली, तसं ते पांढरंही पुढे गेलं. तिने एका अंगाने पाहिलं, मग दुसऱ्या अंगाने.

"चाल," मार्थाबाई म्हणाल्या.

चौथ्या पावलाला ती शिवणाच्या स्टुलावर आदळली. स्टूल आडवं झालं, रिळं घरभर गडगडत गेली. ती उभी राहिली, दोन्ही हात हवेत. पुढे काय आहे ते तिला कळत नव्हतं, मागे काय आहे तेही.

मार्थाबाईंनी रिळं उचलली नाहीत. त्यांनी तिचा हात धरला.

"काय नाव तिचं?"

"कुणाचं?"

मार्थाबाईंनी टुटूच्या घेरावर बोट टेकवलं.

"पल्लवी," गार्गी म्हणाली. "पल्लवी मोहोड. अमरावतीची आहे."

"भेटलीस तिला?"

"फुलं पाठवली होती."

"बरं." मार्थाबाईंनी मागे जाऊन हुक काढायला घेतले. "तिला भेटलीस की मग ये. शिकवीन."

गार्गी पल्लवीकडे गेली. लगेच नाही गेली. आठ दिवस गेलेच. कधी काम निघालं, कधी पाऊल दारातून परत फिरलं. नवव्या दिवशी ती अंधेरीला, पल्लवी तीन मुलींबरोबर राहायची त्या खोलीवर पोचली. पल्लवी पलंगावर बसून होती. प्लॅस्टर घातलेला पाय उशीवर. एकवीस वर्षांची पोर. गार्गीला पाहून ती धडपडत उठायला लागली.

"सॉरी मॅम," तीच आधी म्हणाली. "तुमचा शो माझ्यामुळे..."

येताना गार्गीने बरंच काही ठरवून आणलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"मी काल परत घालून पाहिला तो," ती म्हणाली. "मलाही पाय दिसले नाहीत, पल्लवी."

पल्लवीने तिच्याकडे पाहिलं. बघता बघता डोळे भरले, आणि मग ती मोकळी रडली. महिनाभर ती गावी आईला फोनवर सांगत होती की चूक माझीच झाली. दुपारी गार्गीने कुकर लावला. खोलीतल्या मुलींना तिचा भात आवडला नाही, पण तसं कुणी बोललं नाही.

त्यानंतर दर शनिवारी गार्गी खडकीला यायला लागली. मार्थाबाईंनी तिला जाळीला चुण्या घालायला शिकवल्या, थरांना एकमेकांशी सैल टाक्यांनी बांधायला शिकवलं, म्हणजे घेर हलतो पण विस्कटत नाही. वीस थरांचे बारा झाले. मग दहा. घेरही चार बोटं आत आला.

तीन महिन्यांनी पल्लवीचा पाय बरा झाला आणि गार्गी तिला घेऊन खडकीला आली. नव्या टुटूची ही पहिलीच वेळ होती. मार्थाबाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या. पल्लवीने टुटू घातला आणि व्हरांड्याच्या टोकाशी येऊन उभी राहिली. पुढे अंगण, मधे चार पायऱ्या.

ती तिथेच थांबली.

गार्गी घेराकडे बघत होती. घेर सुरेख बसला होता. कुठेही झोल नाही.

"जड आहे," मार्थाबाई म्हणाल्या.

"जड? बाई, पहिल्याच्या निम्मासुद्धा नाही हा."

"जड आहे गं."

गार्गीने पुन्हा घेर पाहिला, शिवण पाहिली, कंबरपट्टा पाहिला. मग केव्हातरी तिची नजर वर गेली. पल्लवीचे ओठ घट्ट मिटलेले होते. कपाळावर घाम होता.

"पल्लवी... टोचतंय का कुठे?"

"नाही मॅम. टोचत नाही." ती कसंनुसं हसली. "पायऱ्या आहेत ना."

गार्गीने चपला काढल्या. ती पल्लवीच्या पुढून पायऱ्यांवर उतरली, तिच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. पल्लवीने ते धरले. इतके घट्ट, की गार्गीची बोटं पांढरी पडली.

"माझ्याकडे बघ. मी मोजते. एक..."

गार्गी उलटी उतरत होती. तिला स्वतःला पायरी दिसत नव्हती. ती टाचेने चाचपून बघत होती.

"दोन... ही जरा उंच आहे, सावकाश... तीन... आणि ही शेवटची. आलं अंगण."

पल्लवीने हात सोडले नाहीत. मग एक सोडला. मग दुसरा. अंगणाच्या मधोमध जाऊन तिने भीत भीत एक गिरकी घेतली, तशी जाळी तिच्याभोवती अलगद उचलली गेली. मग आणखी एक. मग ती मोठ्याने हसली आणि फिरतच राहिली. कुंपणापलीकडून शेजारच्या बाई वाळत घातलेली चादर बाजूला करून बघायला लागल्या.

गार्गीही बघत होती. किती वेळ, ते तिला कळलं नाही. घेर कसा फिरला हे तिला नंतर कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं.

मग तिला एकदम आठवलं. ती अनवाणीच पायऱ्या चढून वर आली.

"बाई, जड आहे म्हणालात ना? किती थर काढू?"

मार्थाबाई अंगणाकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला...

"कुठले थर? आता कुठं जड आहे?"