तात्यांचं ठाम मत

आमच्या सोसायटीत तात्या खांबेटे टेबलावर हात आपटतात आणि बाकीचे माना डोलावतात. मालनताईंना वरची खोली रात्रपाळीच्या नर्सला भाड्याने द्यायची होती. बैठकीत तात्या गरजले, "एकटी मुलगी इथे नको! माझं मत ठाम आहे. पटतंय त्यांनी हात वर करा!" झालं, भराभर सगळे हात वर.

मालनताई शांतपणे म्हणाल्या, "तात्या, मत एवढं ठाम आहे, तर मिटल्या डोळ्यांनीही टिकेल की! सगळ्यांनी डोळे मिटा आणि पटतंय त्यांनी पुन्हा हात वर करा."

तात्या ऐटीत तयार झाले. मी मेली किलकिल्या डोळ्यांनी बघत होतेच.

"आता हात तसेच ठेवून डोळे उघडा."

वर एकच हात होता, तात्यांचा. शेजारी बसलेल्या खांबेटेवहिनींचे दोन्ही हात मांडीवर होते. रविवारी नर्सचं सामान आलं, तेव्हा वहिनींनीच फाटक उघडलं.