सदोबाची पिंडी

“माझ्या मागून आलेल्यांना दीक्षा मिळाली. मग माझंच घोडं कुठे अडलं, बाबा?”

सदोबाने पथारी गुंडाळून काखेत मारली होती. आज हो म्हणा, नाहीतर मी चाललो, असं त्याने मनाशी पक्कं केलेलं.

धुंडिबाबा झऱ्यावर तोंड धूत होते.

चुनखडीचा तो सगळा डोंगर देवाचा. चुन्याची भट्टी लावणं दूरच, तिथला खडासुद्धा कुणी उचलत नसे. वरचा ओढा मध्येच एका विवरात गडप व्हायचा आणि थेट पायथ्याला, बाबांच्या मठीशी, झरा होऊन निघायचा.

“सेवेत काही कमी पडलं का?” सदोबाचा आवाज चढला.

“छे! कमी कसलं?”

“मग?”

“चल, तुझी सेवा बघू.”

गुहेत वरून उन्हाची तिरीप येत होती. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना थरावर थर साचून खाली दगडाच्या पिंडी उभ्या राहिल्या होत्या. मधली सदोबाची. रोज पहाटे तो तिला तेल चोळायचा. काळीभोर, गुळगुळीत झाली होती अगदी. तिच्याकडे बघून त्याची छाती फुगली.

बाबांनी कोपऱ्यातल्या पिंडीकडे बोट दाखवलं. तिला ना फूल, ना दिवा.

“हात लावू नकोस. नुसतं बघ.”

ती ओली होती, पांढरी होती. माथ्यावर सायीसारखा कोवळा थर धरला होता.

“ही... वाढतेय?”

“हो.”

“आणि माझी?”

बाबांनी नजरेनेच वर खुणावलं.

वरून थेंब पडला. सदोबाच्या पिंडीवर टेकला, तेलावरून निसटला आणि मातीत गेला.

सदोबाचा चेहरा उतरला. इतक्या मायेने केलेलं असं अंगाशी यावं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

“इतके दिवस सांगितलं का नाहीत?”

“तू दीक्षेचंच विचारायचास.”

“म्हणजे मीच मारली हिला?”

“थेंब अजून येतोय की.” बाबांनी खांद्यावरचा पंचा त्याच्यापुढे धरला.

पथारी टाकून सदोबा तेल पुसू लागला. पुसता पुसता हुंदका आला आणि त्याने पिंडीवरच डोकं टेकलं.

टप्प...

थेंब नेमका त्याच्या मानेवर पडला. अंगावर शहारा आला. डोकं न उचलताच तो ओरडला, “बाबा! झाली ना माझी दीक्षा?”

बाबा खळखळून हसले.

“असेल, असेल. आता बाजूला सर. पुढचा थेंब तिचा आहे.”