चोरलेले पाऊल

एका राज्यात देव चालत असे, आणि त्याचे पाय माणसांचे असत. सोन्याच्या नावेत देव बसे, बारा भोई ती नाव खांद्यावर घेत, आणि राज्यातला कोणताही अवघड प्रश्न तिच्यापुढे मोठ्याने विचारला जाई. नाव पुढे सरकली तर होय, मागे सरकली तर नाही. देवाचा रेटा फक्त पहिल्या भोयाच्या खांद्याला कळे. तो पाऊल टाकी आणि बाकीचे अकरा त्याच्याबरोबर जात.

पहिल्या भोयाचे नाव हेपू. ही जागा त्याच्या बापाची, बापाच्या बापाची. माणूस सरळ होता. निदान त्या दिवसापर्यंत होता.

म्हातारा राजा वारला. मागे दोन मुलगे राहिले, थोरला नेबकाऊ आणि धाकटा तेफिब. नेबकाऊने बापाचे थडगे बंद होण्याआधीच स्वतःच्या थडग्याची जागा मोजून घेतली होती. त्याने शपथ घेतली होती की, राजा झालो तर घरटी एक मुलगा डोंगरातल्या खाणीत दगड फोडायला नेईन. खाणीत गेलेला माणूस परत येत नसे. फार तर त्याच्या वहाणा येत. आणि हेपूला एकच मुलगा होता, इपी, सात वर्षांचा. लग्नानंतर अकरा वर्षांनी मेरेतच्या पोटी आलेला.

सगळी प्रजा जमली. पुजाऱ्याने विचारले, "सारे राज्य थोरल्याचे का?"

हेपूच्या खांद्याला रेटा बसला. पुढे. बैलाने ढुशी द्यावी तसा स्पष्ट. आणि हेपूने पाऊल मागे घेतले.

पुजाऱ्याने विचारले, "मग सारे राज्य धाकट्याचे का?" देव हलला नाही. दुसरी चोरी करायला हेपूचे पाय धजले नाहीत. तेव्हा शहाण्यांनी राज्याचे दोन भाग केले. नदीचा वरचा भाग आणि पांढरा मुकुट थोरल्याला, खालचा भाग आणि तांबडा मुकुट धाकट्याला. डोंगर धाकट्याकडे गेला, खाण बंद पडली, आणि इपी आईच्या कुशीत झोपला. त्या रात्री हेपूइतका सुखी माणूस दोन्ही राज्यांत नव्हता.

सकाळी शाप उगवला. सातूच्या कणसाला एकाच बाजूने दाणा धरला. गाईचे चारातले दोन सड आटले. नदीला पूर आला तो एकाच काठाला. दोन्ही राजांना आपल्या बापाचा चेहरा अर्धाच आठवू लागला. देवाची नाव तर जागची उचलेना. आणि मंदिराच्या पायरीवर दरवर्षी पांढरा शराटी पक्षी येऊन बसे, वाकडी चोच उघडून म्हणे, "शाप फिटावा असे वाटत असेल तर पांढरा मुकुट आणा, तांबडा मुकुट आणा, आणि..." एवढे बोलून तो उडून जाई. त्याचे वाक्यही अर्धेच होते.

तिसरी गोष्ट कोणती, यावर पंडितांनी ग्रंथ लिहिले. ती ठाऊक होती एकट्या हेपूला. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते खोटे नाही. शराटी दिसला की हेपू घरात जाऊन दार लावून घेई.

अशी तेरा वर्षे गेली. इपी वीस वर्षांचा झाला. लव्हाळ्याच्या टोपल्या विणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या उन्हाळ्यात शेजारच्या कुंभाराची तान्ही मुलगी भुकेने गेली. तिची आई बिचारी दोन्ही अंगांना पाजायला घेई, दूध एकीकडेच येई. इपीने त्या पोरीला ठेवण्यासाठी एक टोपली विणली, झाकणासकट. एवढीशी ती टोपली हेपूने पाहिली आणि त्याच्याने घरात बसवेना.

त्याने मेरेतला सारे सांगितले.

"तेरा वर्षं मी देवाला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात?"

"ऐकत होतो."

"मग आता का उठलात? अजून थोडं बसायचं होतं. माझं पोर तरी राहिलं असतं."

हेपू निघाला. आधी गेला तेफिबाकडे. धाकट्याच्या महालाभोवती खंदक होता आणि खंदकात एक बोलणारी मगर. जो येईल त्याला ती त्याची चोरी विचारी आणि खोटे बोलणाऱ्याला अर्धे खाई. उरलेल्या अर्ध्याचे काय करावे हे तिचे तिलाही ठाऊक नव्हते.

"काय चोरलंस?" मगर म्हणाली.

"देवाचं एक पाऊल."

मगर पाण्यात खाली गेली. तेफिबाने सारे ऐकून घेतले आणि तांबडा मुकुट काढून हेपूच्या हाती दिला.

"लोक मला भला म्हणतात," तो म्हणाला. "भल्या राजाच्या राज्यात पोरं उपाशी मरतात. घेऊन जा. दादाला सांग, बाबांची डावी भुवई मला आठवते. मध्ये तुटलेली होती."

मग हेपू नेबकाऊकडे गेला. पांढऱ्या मुकुटाला राजाच्या डोक्यावर मुळे फुटली होती. ज्याने राजाचे नुकसान केले, त्याने तोंडावर कबूल केल्याशिवाय मुकुट निघणार नव्हता. हेपूने गुडघे टेकले आणि कबूल केले. मुकुट सुटून त्याच्या पुढ्यात पडला.

"तुझा गळा मी आत्ता कापला असता," नेबकाऊ म्हणाला. "पण पाऊल टाकायला पाय लागतात. मुलगा आहे ना तुला?"

"एक आहे, महाराज."

"खाणीत पहिला तोच जाईल. कबूल?"

हेपू म्हणाला, "त्याला विचारावं लागेल."

राजा हसला. असे कुणी विचारते हे त्याने पहिल्यांदाच ऐकले होते.

हेपू घरी आला. इपी टोपलीचा काठ वळवत होता. बापाचे बोलणे संपेपर्यंत त्याने हातातले काम थांबवले नाही.

"बाबा, कुंभाराकडं आता दुसरं व्हायचंय," तो म्हणाला. "मला पुन्हा तेवढी टोपली विणायची नाही. टाका पाऊल."

मेरेत चुलीकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाही.

पुन्हा सगळी प्रजा जमली. दोन्ही मुकुट नावेत ठेवले, तेव्हा तेरा वर्षांनी नाव उचलली. पुजाऱ्याने तोच प्रश्न विचारला. हेपूच्या खांद्याला तोच रेटा बसला. तिसरी गोष्ट त्याच्या पायात होती, ती त्याने पुढे ठेवली. दोन मुकुट एकमेकांत बसून एक झाले.

त्याच क्षणी कणसे दुसऱ्या बाजूनेही भरली. गाईंचे चारही सड ओले झाले. नदीने दोन्ही काठ धरले. नेबकाऊला बापाचा अख्खा चेहरा आठवला आणि तो ढसाढसा रडला. धाकट्या भावाला त्याने मिठी मारली आणि मग तळघरात कोंडले. चौथ्या दिवशी इपीला खाणीत नेले.

शराटी पायरीवर आला. हेपूने त्याला विचारले, "देवाला सारं कळतं. मग या राजाला होय का म्हणाला?"

आता पक्ष्याला पूर्ण वाक्य बोलता येत होते. तो म्हणाला, "तुम्ही राजा विचारलात, त्याने राजा सांगितला. इपीचं नाव त्या प्रश्नात नव्हतं."

वर्ष फिरले. नववर्षाच्या दिवशी घरटी एक प्रश्न विचारायची चाल होती. हेपू नावेच्या पुढच्या दांडीखाली उभा होता. गर्दीतून मेरेत पुढे आली. नवऱ्याकडे न बघता तिने देवाला विचारले, "माझा इपी परत येईल का?"

हेपूच्या खांद्याला रेटा बसला. मागे.

पाऊल पुढे टाकणे त्याच्या हातात होते. मेरेत हसली असती. घरी जाऊन तिने इपीचे अंथरूण झटकून ठेवले असते, रोज दाराशी बसली असती. एकच पाऊल, आणि ते चोरायचे कसे हे त्याला चांगले ठाऊक होते. समोर कुंभारीण उभी होती, तिच्या कडेवरचे गुटगुटीत पोर मूठ चोखत होते. हेपूला त्या पोराचा राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

त्याने पाऊल मागे घेतले. अकरा भोई त्याच्याबरोबर मागे गेले.

मेरेतने त्याच्या पायांकडे पाहिले. एकदा चोरलेले पाऊल खोटे होते, हे तिला ठाऊक होते. आजचे पाऊल खरे आहे, हेही तिला कळले. ती घरी गेली आणि तिने दोघांपुरताच सातू भिजत घातला.

अशी ही कथा. ऐकणाऱ्याच्या शेतात कणीस दोन्ही बाजूंनी भरो, आणि ते खायला घरची सगळी माणसे घरात असोत.