न दिलेला बॉक

“पण सर, पिचरच्या मनात फसवायचं नसेलच, तर?”

गुरुवारची सकाळ होती. अमरावतीच्या मैदानावर गुल्हाने सर बेसबॉलच्या पंचांचा वर्ग घेत होते. चुन्याच्या रेषा अजून ओल्या होत्या.

प्रश्न प्रणीत काळमेघचा. नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं, आणि ते कोणाच्या ध्यानात आलं नाही असं तो होऊ देत नसे.

“मनातलं दिसते का तुले?” सरांनी विचारलं.

“नाही.”

“मंग काय दिसते?”

“पाय.”

“तर पायच पाहत जा.”

पिचर म्हणून चेंडू टाकायला डावखुरा वेदांग चर्जन उभा होता. सरांनी खूण केली. वेदांगने पहिल्या बेसकडे पाऊल टाकलं आणि त्याच दमात चेंडू तिकडे फेकला. बेस सोडून पुढे सरकलेल्या धावणाऱ्याला पिचर असाच टिपतो.

“हे चालते. धावणाऱ्याले चकवणं त्याचं कामच आहे. आता नुसता पाय उचल, अन् थांब.”

वेदांग थांबला.

“बॉक!” काळमेघने बोट रोखलं. “सुरू केलेली हालचाल पुरी केली नाही. बेसवरचे सगळे एकेक बेस पुढे.”

“बोललं पुस्तक,” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. वेदांगही हसला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. काका बोलत होते. वेदांगने ऐकून घेतलं, ग्लव्ह काढून जमिनीवर ठेवला आणि विचारलं, “कधी?”

त्याची आई गेली होती.

तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी वेदांगच्या संघाचा उपांत्य सामना होता. वेदांग आला. डोकं भादरलेलं. टोपी सैल होऊन कानांवर उतरत होती.

“आज बस बाबू,” प्रशिक्षक म्हणाले.

“मी टाकणार.” तो बुटांच्या नाड्या आवळत राहिला.

काळमेघ बेसवरचा पंच होता. गुल्हाने सर मैदानाकडेच्या पायऱ्यांवर बसले होते. अंतिम सामन्याचे पंच तेच ठरवणार होते, आणि काळमेघला तो सामना हवा होता.

शेवटचा डाव आला. बरोबरी, दोन बाद. समोरच्या संघाचा नावेद तिसऱ्या बेसवर होता. दुसरा बेस त्याने पिचर चेंडू टाकत असतानाच धावून चोरला होता, तिसऱ्यावर पोटावर घसरत पोचला होता. आणखी एकच बेस, होम प्लेट; तिथे पोचला की रन.

वेदांगने उजवा पाय उचलला. टाच सुटली, गुडघा वळला...

आणि थांबला.

पाय खाली आला. त्याने टोपी सारखी केली.

“बॉक! सर, बॉक!” नावेद ओरडला.

मुख्य पंचांनी काळमेघकडे पाहिलं. काळमेघने मान हलवली. नाही.

पुढच्याच चेंडूवर फलंदाज झेलबाद झाला. मग वेदांगच्या संघाने एक रन काढला आणि सामना जिंकला. नावेदचा संघ स्पर्धेतून गेला.

वेदांग काळमेघकडे आला.

“बॉक होता ना, सर?”

“जाऊ दे रे.”

“घरी सगळे तेच म्हणतात. जाऊ दे, राहू दे, तू बस. पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाहीत.”

काळमेघ बुटाने बेसवरची माती झटकू लागला.

“इथं मी पिचर म्हणून आलो होतो,” वेदांग म्हणाला, आणि सरळ नावेदच्या बाकाकडे चालत गेला.

ऊन उतरलं. मैदान रिकामं होत गेलं. काळमेघ पायऱ्यांशी जाऊन उभा राहिला.

“सर, मी पाहिलं होतं.”

“माहीत आहे.”

“त्याला फसवायचं नव्हतं. आई जाऊन आज चौदावा दिवस. अशा वेळी पंचाने थोडं...” वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. “मी चुकलो असं वाटत नाही मला.”

“तू कुठं पाहत होता?”

“त्याच्याकडे.”

“त्याच्या कशाकडे?”

“टोपीकडे.”

गुल्हाने सर उठले. सावकाश मैदानात उतरले, तिसऱ्या बेसपाशी गेले आणि दोन्ही पाय बेसवर ठेवून उभे राहिले.

मैदान सांभाळणारा सुखदेव बेस गोळा करत तिथवर आला.

“सरका ना जी सर. बेस काढाचा आहे.”

सर हलले नाहीत.

“काय झालं जी यायले?” त्याने काळमेघला विचारलं.

काळमेघ जवळ आला. “सर, चला. गाडीवर सोडतो तुम्हाला.”

सर होम प्लेटकडे पाहत होते.

“रागावला असाल तर बोला तरी. अंतिम सामन्याला मी उभा राहू की नको?”

“राहा.”

काळमेघने श्वास सोडला. “मग चला ना आता.”

सर तिथेच उभे.

सुखदेवने हातातले बेस खाली ठेवले आणि तोही थांबला.

“सर...?”

“नावेदले होमवर आणाचं राहून गेलं,” गुल्हाने सर म्हणाले.