निळं की हिरवं

"...तेवढं एकच सांगा, गुरुजी. निळं की हिरवं?"

मुलाणी गुरुजी परसात वांग्याच्या रोपांना पाणी घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चहा घेतलास?"

"चहाला वेळ नाही. बारा वाजेपर्यंत साहेबांना नाव कळवायचंय."

शनिवार होता, सकाळचे नऊ वाजत आले होते. विचारणारा अंकुश गुरव, तालुक्याचा तंत्रस्नेही शिक्षक. म्हणजे वर्गातून उचलून कचेरीत बसवलेला, आणि बाकीच्या शिक्षकांनी वर्गात कोणतं ॲप वापरायचं हे ठरवायला लावलेला शिक्षक. पंचवीस वर्षांपूर्वी तो मुलाणी गुरुजींकडे चौथीत होता. आता त्याच्या खांद्याला बॅग होती आणि बॅगेत दोन टॅब. एकावर निळ्या चौकोनाचं ॲप, दुसऱ्यावर हिरव्या.

"किती शाळांसाठी?"

"दोनशे बारा."

"आणि निवड चुकली तर?"

"पाच वर्षं बदलता येत नाही."

"हं..."

अंकुशच्या पायाला भिंगरी लागली होती. चुलीपासून जास्वंदीपर्यंत जायचा, परत यायचा, मोबाईल काढून वेळ बघायचा, परत खिशात टाकायचा. तीन आठवड्यांत त्याने अकरा वेळा निर्णय घेतला होता आणि अकरा वेळा मोडला होता. आज सकाळी अंघोळीला जाताना निळं ठरलं होतं. अंग पुसेपर्यंत हिरवं झालं.

"छत्तीस ॲप तपासली मी, गुरुजी. एकट्यानं. सगळ्या जिल्ह्यात एवढं कुणी केलेलं नाही."

हे सांगताना त्याचा आवाज जरा चढला. चढू दे. समोर येईल ते ॲप डोळे झाकून उचलणारे मी पुष्कळ पाहिलेत. हा निदान तपासत तरी होता.

"छत्तिसाची दोन केलीस," गुरुजी म्हणाले, "मग दोनाचं एक करायला कुठं घोडं अडलं?"

"तेच तर कळत नाही! सहा शाळांत निळं दिलं, सहा शाळांत हिरवं. महिनाभर वापरलं. मग वाचनाची नि गणिताची चाचणी घेतली. निळ्यात ब्याण्णव टक्के. हिरव्यातही ब्याण्णव."

"चांगलंय की."

"चांगलं काय त्यात? फरकच दिसत नाही. शिक्षकांना विचारलं, तर दोन्ही छान म्हणतात. मुख्याध्यापक म्हणतात, तुम्ही द्याल ते छान. अहो, कुणीतरी नावं ठेवा ना! जेवण गोड लागत नाही मला."

"बूड टेक जरा."

अंकुश ओट्यावर बसला. लगेच उठला.

गुरुजींनी झारी त्याच्यापुढे धरली.

"घे. माझी कंबर धरलीय."

आता या माणसाला दोनशे बारा शाळांचा घोर, आणि गुरुजींना वांग्यांचा. अंकुशला राग आला. पण गुरुजींना नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. बॅग ओट्यावर ठेवून त्याने झारी घेतली.

दोन रोपं झाली. तीन झाली...

"पोरं कोणती घेतलीस चाचणीला?"

"प्रत्येक शाळेतली दहा."

"निवडली कुणी?"

"मुख्याध्यापकांनी. मी फक्त म्हटलं, दहा मुलं द्या."

गुरुजी हसले. ते हसणं काही मला बरं वाटलं नाही.

"त्या पोरांना कोळसा देऊन भिंतीपुढं बसवलं असतंस ना अंकुशा, तरी ब्याण्णवच पडले असते."

अंकुशचा हात थांबला. झारीतलं पाणी एकाच आळ्यात पडत राहिलं.

"म्हणजे?"

गुरुजी त्याच्या हाताकडे बघत होते.

"पाणी झकास घालतोस रे. बुडाशी घालतोस, पानाला थेंब लागू देत नाहीस. कुठं शिकलास?"

अंकुशने झारी पुढच्या रोपाकडे वळवली.

"शेती तर नव्हती तुमची."

"शाळेत," अंकुश म्हणाला.

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही." त्याने झारी खाली ठेवली. "तपासणीला साहेब यायचे, तेव्हा तुम्ही मला शाळेमागच्या बागेत पाठवायचा. मला, सुभद्राला, आणि जंगमांच्या शिवलिंगला. तेलाच्या डब्याला भोकं पाडून दिली होती तुम्ही."

"का पाठवायचो?"

"झाडं वाळतील म्हणायचा."

"आणि?"

अंकुशने ओले हात रुमालाला पुसले. पंचवीस वर्षांत हे तो कुणाजवळ बोलला नव्हता. बायकोजवळही नाही.

"वाचताना मी अडखळायचो," तो शेवटी म्हणाला. "पण तेव्हा मला काही कळलं नव्हतं, गुरुजी. मला वाटायचं, एवढ्या वर्गात गुरुजींचा भरवसा आपल्यावर. घरी जाऊन आईला सांगायचो, आज साहेब आले आणि बाग माझ्याकडं होती... पाचवीत गेल्यावर नव्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, बागेत कोण जातं ते."

तिशी उलटलेला माणूस, बॅगेत दोन टॅब, आणि नजर मात्र वांग्याच्या आळ्यात.

गुरुजींनी एक पिवळं पान खुडलं.

"बाग मात्र चांगली आली होती आपली," ते म्हणाले. "तालुक्यात नंबर आला होता. आणि शाळेचा निकाल..."

"शंभर टक्के," अंकुश म्हणाला.

"शंभर टक्के."

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

मग गुरुजींनी विचारलं, "तुझी चाचणी चालली होती, तेव्हा उरलेली पोरं कुठं होती?"

"असतील मैदानावर. मी कुठं बघत..."

वाक्य तिथंच राहिलं.

टेकवाडीची शाळा त्याला आठवली. दहा मुलं ओळीत बसलेली, प्रत्येकाच्या हातात टॅब. अहवालाला लावायला म्हणून तो त्यांचा फोटो काढत होता. मागच्या खिडकीत एक मुलगी येऊन उभी राहिली. हातात बादली, फ्रॉक पुढून भिजलेला. गजाला नाक लावून ती टॅबकडे बघत होती.

"मी तिला म्हटलं..." अंकुश म्हणाला, आणि पुन्हा थांबला.

"काय म्हटलंस?"

"म्हटलं, बाळ, सरक जरा. फोटोत येतेस."

"सरकली?"

"लगेच."

गुरुजी ओट्यावर बसले. कंबर खरंच धरली होती की काय, कोण जाणे, पण बसताना त्यांना वेळ लागला.

अंकुशने मोबाईल काढला. साहेबांना चार शब्द लिहून पाठवले. मिनिटाभरात मोबाईल वाजला. पलीकडचा आवाज परसभर ऐकू येत होता, म्हणून अंकुशने तो कानापासून जरा लांब धरला.

"नाही साहेब, नाव ठरलेलं नाही... नाही, बारापर्यंत नाही होणार... चाचणीच चुकलीय. मी चुकीच्या मुलांची घेतली... हो साहेब, खुलासा देतो... परत वर्गावर पाठवणार असाल तर पाठवा, साहेब."

मोबाईल बंद झाला. आता त्याच्या चेहऱ्यावरची घालमेल गेली असेल असं वाटेल तुम्हाला. गेली नव्हती. वाढली होती. फक्त चुलीपासून जास्वंदीपर्यंतच्या फेऱ्या थांबल्या होत्या.

"टेकवाडी इथून किती लांब?" गुरुजींनी विचारलं.

"पाऊण तास. सकाळची शाळा साडेअकराला सुटते."

त्याने बॅग खांद्याला लावली. दोन्ही टॅब आत आहेत ना, हे चाचपून बघितलं. बाहेर जाऊन मोटारसायकलला किक मारली. गुरुजी फाटकापर्यंत आले.

गाडी दहा पावलं गेली आणि थांबली. अंकुशने इंजिन बंद केलं. मान वळवली.

"गुरुजी, एक विचारू?"

"विचार की."

"तपासणीच्या दिवशी मी वर्गात बसलो असतो, आणि साहेबांनी मला उठवून वाचायला सांगितलं असतं... तर मला आलं असतं का हो?"

गुरुजींनी फाटकाचा गज धरला. ओल्या हाताची माती गजाला लागली.



"ते कळू नये, म्हणूनच तर तुला बागेत पाठवत होतो."