सरदारांची पारख

सरदार रणनवऱ्यांना बंगल्यातल्या जुन्या खुर्च्या विकायच्या होत्या, पण आपल्यावर विकायची वेळ आलीय, असं दिसायला नको होतं. म्हणून ते गिऱ्हाइकाचीच परीक्षा घेत आणि नापास करून परत पाठवत.

द्वारकाबाई देशमाने आल्या होत्या सासऱ्यांसाठी. म्हाताऱ्यांची कंबर धरली होती, त्यांना धड बसताही येत नव्हतं.

वेताच्या आरामखुर्चीत रेलून सरदार म्हणाले, "या दिवाणखान्यातली सर्वांत उत्तम खुर्ची ओळखा. ओळखलीत तरच विकीन, हा माझा शब्द. इथं बसायला खानदान लागतं, बाई."

द्वारकाबाईंनी एकेका खुर्चीत बसून पाहिलं. कुठे सिंहमुखी हात टोचले, कुठे पाठीचं नक्षीकाम रुतलं.

"आपण बसलाय ती," त्या म्हणाल्या.

सरदार हसले. "ही? ही तर अगदी साधी."

"बाकी सगळ्यांवर धूळ आहे. एवढ्या खानदानी खुर्च्या सोडून आपण रोज हिच्यातच बसता. सरदारांची पारख चुकते, असं मी कसं म्हणू?"

सरदार सावकाश उठले.

आरामखुर्ची टांग्यात चढली. सरदार मात्र सिंहमुखी खुर्चीच्या कडेवर, खानदान सांभाळत, ताठ बसून राहिले.