सासूची वीत, सुनेची वीत

खारवेळ गावात देवळाकडून बंदराकडे उतरणारी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी आहे. पाखाडीमहाराज जेव्हा फिरत फिरत या गावी आले, तेव्हा तिच्या तिसऱ्या पायरीवर बसले आणि तिथेच राहिले. लोकांनी वर नारळाच्या झापांचा आडोसा केला. महाराजांनी ना मठ मागितला, ना गादी. पायरी पुरेशी आहे, म्हणाले.

ही गोष्ट मी खारवेळच्या दोन म्हाताऱ्यांकडून ऐकली. होडी बांधायला एकीच्या मते चार महिने लागले, दुसरीच्या मते सहा. भांडण नको म्हणून मी पाच धरतो.

होडी धर्मा खारव्याची. बापाची होडी खडकावर फुटल्यापासून धर्मा आबाशेट तांडेलांच्या गलबतावर खलाशी होता. आबाशेट म्हणजे बंदराचे मुख्य. देह भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. देवापुढेसुद्धा हात जोडायचे ते मान ताठ ठेवून. नमस्कार करताहेत की देवाची हजेरी घेताहेत, हे पुजाऱ्यालाही कळत नसे.

एके दिवशी धर्मा पायरीशी येऊन बसला. "महाराज, आपली स्वतःची होडी असावी असं फार वाटतं. दारात बापानं लावलेला फणस आहे. पण सुतार कुठून आणू?"

महाराज म्हणाले, "घरात माणसं नाहीत का? घरच्यांच्या हातांनी बांध. आणि कुणाच्या हाताला नाव ठेवू नकोस."

आता धर्माच्या घरात हात होते सहा. त्याचे दोन, आई चंद्राईचे दोन आणि बायको भागीचे दोन. फणस पडला, फळ्या निघाल्या, अंगणात होडीचा पाठीचा कणा, म्हणजे पठाण, मांडला गेला. आहाहा, काय ते दिवस असतील! आता फायबरच्या होड्या टेम्पोतून येतात आणि त्यांना कसलाच वास नसतो. तेव्हा अख्ख्या आळीत राळेचा आणि करंजेलाचा वास भरून राहिला होता. भागी फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायची आणि चंद्राई ओटीवर बसून मांजरपाटाचं शीड शिवायची. कापड कमी पडलं तेव्हा तिने स्वतःचं हिरवं लुगडं मधोमध जोडलं.

घोटाळा झाला तो मापात. चंद्राई म्हणाली, "मापं मी घेणार. तुझ्या बापाच्या होडीला माझीच वीत होती." भागी म्हणाली, "आत्या, तुम्ही दमाल, मी घेते." दोघींपैकी कुणीच मागे हटेना. शेवटी डावी बाजू सासूच्या वितीने मापली गेली आणि उजवी सुनेच्या. म्हातारीची बोटं वाकलेली, तिची वीत अर्ध्या बोटाने आखूड. धर्माला दिसत होतं सगळं. पण महाराजांचा शब्द एकीकडे, आई दुसरीकडे आणि बायको तिसरीकडे! तो खाली मान घालून फळ्या तासत राहिला. संसारात मुरलेला माणूस.

होडी पाण्यात सोडली तर काय? डावीकडे झुकलेली. उजवी कड वर, डावी खाली.

सगळं बंदर हसलं. आबाशेट तर पोट धरून हसले. "काय रे धर्मा, होडी बांधलीस की पानाची पिचकारी टाकायला वाकलेला म्हातारा?"

धर्मा पडेल चेहऱ्याने महाराजांकडे गेला. "उजवीकडे निरमाचे, तोल सांभाळायचे दगड भरून सरळ करू का, महाराज?"

"नको," महाराज म्हणाले. "उजवीकडची फळी मोकळी ठेव. तिथे कुणीतरी बसायचं आहे."

"कोण?"

महाराज हसले.

खारवेळची रीत अशी, की नवी होडी नारळी पौर्णिमेला समुद्रातल्या काळ्या फत्तरापर्यंत जाऊन, तिथे नारळ वाहून परत आली, तरच तिला बंदरात जागा. आबाशेटनी चारचौघांत सांगून टाकलं, "वाटेत कलंडली तर तिच्या फळ्यांनी चूल पेटव, आणि उद्यापासून मुकाट्यानं माझ्या गलबतावर ये." धर्माचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका फेरीवर येऊन ठेपलं.

पौर्णिमेच्या दुपारी मानाचा नारळ घेऊन आबाशेट पुढे निघाले, आपल्या छोट्या होडीत, दोन खलाशांसह. गलबतं अजून वाळूत ओढलेली, बाकीच्या होड्या शिडांवाचून बांधलेल्या. शीड चढवून तयार होती ती एकटी धर्माची वाकडी होडी. एवढ्यात आभाळ काळं झालं, वारा उलटा फिरला, आणि आबाशेटची होडी फत्तरावर आपटून फुटली. खलाशी पोहत किनाऱ्याला लागले. पण आबाशेटना तो देह घेऊन पोहणं कुठलं जमायला! ते फत्तराला मिठी मारून राहिले. भरती चढत होती. पाणी कमरेला आलं.

किनाऱ्यावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. धर्माने दोर सोडला.

"थांबा," भागी म्हणाली, "सुकाणू कोण धरणार?" आणि पदर खोचून होडीत चढली. बायकांनी होडीत चढू नये, अशीही एक रीत होती. तेव्हा ती कुणालाच आठवली नाही.

"महाराज, तुमची होडी!" धर्मा ओरडला आणि त्याने शीड सोडलं.

भक्तहो, त्या वाऱ्यात ती होडी डावीकडे कलंडायलाच हवी होती. पण ती निघाली ती सुतात! उजवी कड खाली बसली, जणू कुणी धडधाकट माणूस त्या फळीवर येऊन टेकला. पाऊस कोसळत होता, लाटा आत येत होत्या. भागीने पाहिलं, सगळी होडी चिंब, पण उजवीकडच्या फळीवर एका माणसाच्या बैठकीएवढी जागा कोरडी ठणठणीत.

फत्तराशी पोचले तेव्हा पाणी आबाशेटच्या गळ्याशी होतं. दोघांनी त्यांना काखेत हात घालून ओढून घेतलं.

"कुठं बसू?" आबाशेट कापत म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी बसायची जागा विचारली असेल.

भागीने कोरड्या जागेकडे बोट दाखवलं. आबाशेट बसले आणि जागा पुरेपूर भरली. होडी तसूभरही हलली नाही. धर्माने जवळचा नारळ समुद्राला वाहिला आणि शीड फिरवलं. सासूच्या आणि सुनेच्या वितीतला फरक आबाशेटच्या वजनाएवढा होता, हे त्या दिवशी खारवेळला कळलं.

होडी किनाऱ्याला लागताच तिघेही पाखाडीकडे धावले. महाराज तिसऱ्या पायरीवरच होते. शेजारी चंद्राई बसलेली, तिचं लुगडं कोरडं. महाराज मात्र डोक्यापासून पायांपर्यंत निथळत होते.

"आई, महाराज कुठं गेले होते?" धर्माने विचारलं.

"कुठं जातात? माझ्यादेखत इथंच बसून आहेत. झापही गळत नाहीत, आणि हे आपले भिजतायत!"

आबाशेटनी वाकून महाराजांच्या छाटीचं टपकणारं पाणी तळहातावर घेतलं, जिभेला लावलं. खारट!

"महाराज," ते पुटपुटले, "ती जागा..."

"तुमचीच होती," महाराज म्हणाले. "तुम्ही येईपर्यंत कुणीतरी धरून ठेवायला हवी ना?"

आबाशेटची ती ताठ मान खाली आली. त्यांनी आधी चंद्राईचे पाय धरले, मग भागीपुढे हात जोडले, आणि मग तिसऱ्या पायरीवर डोकं टेकवलं. पुढे एक सुतार होडी सरळ करून द्यायला आला, तेव्हा आबाशेटनीच त्याला हाकलून दिलं म्हणतात.

ते किती वेळ डोकं टेकवून होते, यावरही त्या दोन म्हाताऱ्यांचं एकमत नाही. एक म्हणते पाऊस थांबेपर्यंत, दुसरी म्हणते दिवेलागणीपर्यंत. इथे मात्र मी मधला आकडा धरत नाही. मोजायला मान वर करून उभं असं त्या पाखाडीवर तेव्हा कुणी उरलंच नव्हतं.